साक्षीला आलेली म्हातारी

सिनेमा सुटला तेव्हा बाहेर ऊन अजून तसंच होतं. द्वारकाकाकू थिएटरच्या पायऱ्यांवर थांबल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विजयमालेला म्हणाल्या, "अगं, पण म्हातारी कुठे गेली?"

"कुठली म्हातारी?"

"देवळाच्या ओवरीत बसायची ती. साक्षीला येते ती."

विजयमाला हसली. "तीच की काकू ती. हॉटेलातली लाल साडीवाली पोरगी. नव्यात म्हातारीची पोरगी केलीय त्यांनी. म्हातारीला बघायला कोण येणार तिकीट काढून?"

विजयमालेने सायकलरिक्षा ठरवली, दोघी बसल्या. विजयमालेचे यजमान मिलिटरीत सुभेदार, साताऱ्याकडचे, राहायला जयपूरच्या सोडाला भागात. बाई तिशीची, बोलायला मोकळी, आणि जयपुरातल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कामात पुढे. यंदा गणपतीत मंडळाने ठरवलं होतं की कोर्टकचेरीचा तो जुना, काळा-पांढरा मराठी सिनेमा कॅसेटवर लावायचा. त्याच्यावरूनच हिंदीत नवा रंगीत निघाला होता आणि इथे जोरात चालला होता. दोन्ही पाहून झाले की चर्चा करायची, मूळ चांगलं की नवं. जुना सिनेमा थिएटरात जाऊन पाहिलेलं सगळ्या मंडळात एकच माणूस होतं, ते म्हणजे द्वारकाकाकू. म्हणून चार शब्द त्यांनी बोलायचे.

"मला नाही गं बोलता यायचं," त्या म्हणाल्या होत्या.

"तुम्हाला फक्त काय आठवतं ते सांगायचंय. भाषण कुणाला हवंय?"

तर असं ते. काकूंनी सिनेमा बघितला होता बार्शीला, लग्नाच्या आधी, थोरल्या बहिणीबरोबर. त्यातलं बाकीचं सगळं पुसट झालं होतं, पण म्हातारीची साक्ष जशीच्या तशी मनात होती. देवळात फुलं विकणारी ती म्हातारी शपथेवर सांगते की आरोपीला मी वाड्याकडे जाताना पाहिलं, सांजआरतीची घंटा वाजत होती, म्हणजे सात वाजले होते. खून सातला झालेला. पोरगा फासावर जायची वेळ. मग वकील उठतो. आवाज चढवत नाही. विचारतो, आजी, त्या दिवशी आरती कुणी केली? आणि हळूहळू निघतं की पुजाऱ्याला ताप होता, आरती भाच्याने केली, ती तासभर उशिरा झाली. म्हातारी खोटं बोललेली नसते. चुकलेली असते. ती रडायला लागते आणि जजसाहेब स्वतः उठून तिला पाणी देतात. हे पाणी देणं काकूंना फार आवडायचं. तीस वर्षांत त्यांनी कितीतरी जणींना ते सांगितलं होतं.

आणि आज काय पाहिलं? हॉटेलातली पोरगी साक्ष देते, वकील टेबलावर मूठ आपटतो, खिशातून सोन्याचं घड्याळ काढून तिच्यासमोर टाकतो. "ये घड़ी किसने दी?" पुढच्या रांगांतून शिट्ट्या, पडद्यावर चिल्लर. पोरगी किंचाळते, मला विकत घेतलं होतं म्हणते, आणि तिला बेड्या पडतात.

"म्हणजे नव्यात ती खोटं बोलते," काकू म्हणाल्या. रिक्षा अजमेर रोडला लागली होती.

"अहो काकू, खोटं बोलली नाही तर मजा काय? चुकली म्हणून सोडून दिली तर वकिलाने कशाला एवढं ओरडायचं?"

"हं," काकू म्हणाल्या. पण ते त्यांच्या मनात राहिलं. कारण येत्या गुरुवारी त्यांनाच साक्षीला जायचं होतं.

*

द्वारकाकाकूंचे यजमान उत्तमराव रेल्वेत गार्ड. क्वार्टर रेल्वे कॉलनीत, खालच्या मजल्यावर, समोर हातभर अंगण आणि अंगणात तुळस. कुठेही बदली झाली तरी काकूंचा दिवस तोच असायचा. चातुर्मासात एकभुक्त, म्हणजे दिवसातून एकदाच ताटावर बसायचं, आणि एकदा उठलं की पुन्हा बसायचं नाही. सकाळी आंघोळ करून पाचाला तुळशीपाशी बसायचं, चार माळा जपायच्या. एका माळेला पाव तास. चौथी संपली की सहा. माळा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. घड्याळ आत भिंतीवर होतं, पण काकूंना ते बघावं लागत नसे. उत्तमरावच उलट विचारायचे, "अगं, कितवी माळ चाललीय?" आणि काकूंनी बोटं दाखवली की दाढीला बसायचे.

शेजारच्या ओळीत भीमराव राहायचे. भुसावळकडचे, यार्डात पॉइंट्समन. गाडी कुठल्या रुळावरून जायची ते रूळ बदलून ठरवायचं, हे त्यांचं काम. सायकलवरून कामावर जाताना तुळशीपाशी काकू दिसल्या की "काकू, जय भीम" म्हणायचे आणि काकू मान हलवायच्या. एरवी डोळे मिटलेलेच असायचे त्यांचे, त्यामुळे कधी ऐकू यायचं, कधी नाही.

बारा ऑगस्टला, सोमवारी, यार्डात एक इंजिन रुळावरून उतरलं. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. कुणी मेलं नाही, यार्डात हाताखाली काम करणाऱ्या एका खलाशाचा हात मोडला. भीमरावांची ड्यूटी सहाची. ते म्हणाले, मी पावणेसहालाच पोचलो, रूळ नीट लावले, खराबी रुळातच होती. वरचे म्हणाले, तू उशिरा आलास, रूळ रात्रीचे तसेच राहिले. रात्रपाळीचा माणूस कधीच निघून गेला होता आणि त्याला विचारलं तर तो धड काही सांगेना. भीमरावांना सस्पेंड केलं.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी एक इन्स्पेक्टर कॉलनीत चौकशीला आला. दारोदार फिरला. काकूंना त्याने विचारलं, "माताजी, उस दिन भीमराव को देखा था?"

काकूंना वाटलं, आपण भीमरावांच्या बाजूने बोलतोय. मोठ्या खुशीने त्या म्हणाल्या, "देखा ना. रोज नेमाने जातात बिचारे. उस दिन तो मुझे पक्का याद है, मेरी चौथी माला पूरी हुई, आँख खोली, तो सामने सायकल पर."

"चौथी माला मतलब कितने बजे?"

"सहा. छे बजे. चौथी संपली की सहाच होतात."

त्याने लिहून घेतलं, काकूंनी सही केली. घरापासून यार्ड सायकलने पंधरा-वीस मिनिटं. सहाला जो माणूस कॉलनीत होता तो सहा-दहाला यार्डात कसा असेल? काकूंना हे कळलं दुसऱ्या दिवशी, उत्तमरावांनी सांगितलं तेव्हा. तोवर कॉलनीभर झालं होतं की द्वारकाकाकूंच्या साक्षीने भीमराव जाणार.

त्यावर काकू काय करणार होत्या? जे पाहिलं ते सांगितलं होतं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्या स्वतःला एवढंच विचारायच्या, मी खोटं बोलले का? नाही. मग हे असं का लागतंय?

*

रविवारी दुपारी तिलक नगरात जनार्दनरावांच्या घरी सिनेमा लावला. जनार्दनराव बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मंडळाचे सेक्रेटरी. दिवाणखान्यातल्या खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. भाड्याचा व्हीसीआर, भाड्याचा टीव्ही, आणि पस्तीस-चाळीस माणसं सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून. काकू भिंतीला टेकून बसल्या. दाराशी रत्नप्रभा दिसली, भीमरावांची बायको. गणपतीला ती यायची नाही, पण सिनेमाला आली होती. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, तिने टीव्हीकडे.

कॅसेट जुनी होती. पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा. मधेच आवाज पाण्यात बुडाल्यासारखा व्हायचा आणि पोरं हसायची. म्हातारी आली तेव्हा काकू सावरून बसल्या. तीच ती, तोच नाकातला मोती, तोच कापरा आवाज. आरतीची घंटा, पुजाऱ्याचा ताप, भाचा, सगळं बरोबर. वकील म्हणाला, "आजी, तुम्ही खोटं बोलत नाही." म्हातारी रडायला लागली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. आता जजसाहेब उठतील.

जजसाहेब उठले नाहीत. ते काहीतरी लिहीत होते, त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. पाणी पट्टेवाल्याने दिलं, तेही तिला बाजूला करता करता. मग म्हातारी कोर्टाच्या पायरीवर एकटी बसली होती. गावातली माणसं सुटलेल्या पोराला खांद्यावर घेऊन तिच्यासमोरून गेली, एकाने वळून तिच्याकडे बोट दाखवलं. पुढे गाणं लागलं आणि सिनेमा संपला.

काकू तशाच बसून राहिल्या. पायरीवरचं हे त्यांना मुळीच आठवत नव्हतं. हे होतं का तेव्हा? की आपण ते पुसून टाकलं आणि जागेवर आपलं पाणी भरलं?

चादरी काढल्या, चहा फिरला. जनार्दनराव उभे राहिले. "मंडळी, मूळ ते मूळ. संयम बघा. एक मूठ आपटली का कुणी?"

"म्हणूनच झोप येत होती," आनंदराव म्हणाला. तरुण इंजिनिअर होता, नुकताच पुण्याहून आलेला. "जुन्यात गुन्हेगार कोण तेच धड कळत नाही. घंटा उशिरा वाजली म्हणून केस सुटली. याला काय सिनेमा म्हणायचं? नव्यात निदान कुणीतरी खोटारडं आहे."

"तुला खोटारडं लागतंच का रे?" जनार्दनरावांची बायको इंदुमती आतून म्हणाली.

"लागतं वहिनी. नाहीतर राग कुणावर काढायचा प्रेक्षकांनी?"

सगळे हसले. विजयमाला म्हणाली, "मला तर नव्यातली साडी आवडली. आता काकू सांगतील. काकू, उठा."

काकू उठल्या. हातातल्या रुमालाची दोनदा घडी केली. "मी लहानपणी पाहिला होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटायचं, तिला जजसाहेब पाणी देतात. तसं नाहीये. मी सगळ्यांना चुकीचं सांगत होते इतकी वर्षं." मग म्हणाल्या, "नव्यातली खोटं बोलते. जुन्यातली चुकते. पण जुन्यातली चुकली तरी लोक तिच्याकडे खोटारडीसारखंच बघतात. मग दोन्हींत फरक काय, ते मला समजलं नाही." आणि खाली बसल्या.

जनार्दनरावांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

चपला घालताना रत्नप्रभा शेजारी आली. खाली वाकून पट्टा लावता लावता म्हणाली, "नव्या सिनेमातली बाई बरी, काकू. तिने घड्याळ घेऊन तरी दुसऱ्याचं वाटोळं केलं. तुम्ही फुकटात केलंत."

"रत्ना, मी पाहिलं ते सांगितलं गं."

"पाहिलंत ना. कॉलनीत काय बोलतात ठाऊक आहे? आमचं होतं म्हणून पाहिलंत. दुसऱ्या कुणाचं असतं तर डोळे मिटलेले असते तुमचे."

काकूंना हे असं कुणी तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी दाराची चौकट धरली.

रत्नप्रभाच मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला नव्हतं वाटत तसं. त्या दिवशी दुपारी यांना न्यायला जीप आली, मी रडत होते, तर सगळ्या कॉलनीत तुम्ही एकट्या धावत आलात. ताटावरून उठून. तुमच्या हाताला वालाच्या भाजीचा रस्सा होता, तो माझ्या खांद्याला लागला. ते लुगडं मी अजून धुतलं नाही, मन होईना. म्हणून तर जास्त लागलं."

ती निघून गेली. काकू अनवाणीच अंगणात उभ्या राहिल्या.

ताटावरून उठून?

*

त्यांना आठवत होतं ते असं. इंजिन घसरलं तो सोमवार, आणि त्या दिवशी आपल्या पोटात अन्न नव्हतं. सोमवार आणि उपाशी, म्हणजे श्रावणी सोमवार. इन्स्पेक्टरला सांगताना, सही करताना, त्यानंतर रोज मनात घोळवताना, तो दिवस त्यांच्या लेखी श्रावणी सोमवारच होता. इतर दिवसांसारखाच, पाचाला माळा, सहाला संपल्या.

पण श्रावणी सोमवारी दुपारी त्या ताटावर बसतच नाहीत. उपास संध्याकाळी सुटतो. मग वालाची भाजी कुठून आली?

घरी आल्या आल्या त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढली आणि चष्मा लावून ऑगस्टचं पान उघडलं. यंदा श्रावण दोन होते. आधी अधिक, मग निज. सोमवार धरायचे ते निजातले, अधिकातले नाहीत. बारा ऑगस्टवर बोट ठेवलं. अधिक श्रावण. म्हणजे त्या दिवशी उपास नव्हता. त्या दुपारी जेवायला बसल्या होत्या, चार घास खाल्ले, रत्नाचं रडणं ऐकून उठल्या, आणि एकदा उठल्यावर पुन्हा बसायचं नाही म्हणून उपाशी राहिल्या. उपास नव्हता तो. नुसती भूक होती.

आणि अधिक महिन्यात तर पोथी जास्तीची. महिनाभर त्या अर्धा तास आधी उठत होत्या, माळा साडेचारला सुरू, साडेपाचला संपल्या की पोथी. तेव्हा चौथी माळ म्हणजे सहा नव्हेत. साडेपाच.

दिनदर्शिका मांडीवर घेऊन त्या जमिनीवर बसल्या. साडेपाचला निघालेला माणूस पावणेसहाला यार्डात.

उत्तमराव लाइनवरून आले तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. त्यांनी बूट काढता काढता ऐकलं.

"नक्की?" ते म्हणाले.

"माळा साडेचारला धरत होते महिनाभर, ते नक्की."

"त्या दिवशीसुद्धा?"

काकूंनी दिनदर्शिकेवर पुन्हा बोट ठेवलं. त्या आठवड्यात त्यांना कणकण होती. एक-दोन दिवस उठायला उशीर झाला होता. कुठले दोन दिवस?

"बघ," उत्तमराव म्हणाले. "तेच विचारतील. आणि दुसरं विचारतील, एवढे दिवस कुठे होती अक्कल? सही केल्यावर साक्ष फिरवली की माणसं एकच समजतात. मतलब, तुला कुणीतरी गाठलं. आज मंडळात रत्नप्रभा तुझ्याशी बोलली, चाळीस जणांनी पाहिलं असेल."

"तिने मला काही शिकवलं नाही हो. ती तर भांडायला आली होती."

"ते तुला माहीत. मला माहीत." त्यांनी मोजे बुटात कोंबले. "तू जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण गेलीस तर एक काहीतरी ठाम सांग. साडेपाच तर साडेपाच. तिथे हेलकावे खाल्लेस तर त्या भीमरावाचं पण भलं नाही नि तुझं पण नाही."

ठाम. काकू तीन दिवस ठाम व्हायचा प्रयत्न करत होत्या. जपाला बसल्या की मणी पुढे सरायचे आणि मन बारा तारखेच्या सोमवारी जायचं. अंगणात उजाडलं होतं का? सायकलचा दिवा लागलेला होता का? एकदा वाटायचं, होता, पिवळा ठिपका दिसला. मग वाटायचं, तो सिनेमात म्हातारीच्या ओवरीत लटकणारा कंदील. जजसाहेब पाणी देताना जितके स्पष्ट दिसले होते तितकाच तो ठिपकाही स्पष्ट दिसत होता, आणि त्याचीच त्यांना भीती वाटत होती.

*

गुरुवारी चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल, तीन खुर्च्या आणि पंखा. चौकशी अधिकारी पन्नाशीचे, थकलेले, बोलायला मऊ. बाजूला तोच इन्स्पेक्टर. समोर भीमराव, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर. जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, "माताजी, यही कहा था आपने? सही है?"

"कहा था," काकू म्हणाल्या. "पर सही है क्या, वो मालूम नहीं."

इन्स्पेक्टरने मान वर केली.

काकूंनी सांगितलं. हिंदी अडलं तिथे मराठी घातलं. अधिक महिना, पोथी, साडेचार, ताटावरून उठणं. अधिकाऱ्यांनी दोनदा मधे थांबवून विचारलं की उपास होता की नव्हता, आणि काकूंनी दोन्ही वेळा सांगितलं की पोट रिकामं होतं पण उपास नव्हता. कारकून लिहिता लिहिता थांबला. "सर, ये कैसे लिखूँ?"

"जैसे बोल रही हैं वैसे ही लिखो," अधिकारी म्हणाले. मग काकूंना, "तो साढ़े पाँच बजे थे?"

इथे ठाम बोलायचं होतं. भीमराव त्यांच्याकडे बघत होते. काकूंच्या ओठांवर साडेपाच आलंसुद्धा होतं.

"उस हफ्ते बुखार था," त्या म्हणाल्या. "एक-दो दिन देर से उठी. कौन से दिन, याद नहीं. साडेपाच होगा, सहा भी होगा. मैंने सहा लिखवाया वो गलत किया. वो काट दो. पर साडेपाच भी मत लिखो."

"किसने सिखाया आपको ये?" इन्स्पेक्टर म्हणाला.

नव्या सिनेमातल्या वकिलाचा आवाज होता अगदी. काकूंना किंचाळायचं नव्हतं, रडायचंही नव्हतं. त्या म्हणाल्या, "सिखाता कोई, तो एक बात बोलती ना भैया."

अधिकारी हसल्यासारखे झाले आणि लगेच गंभीर झाले. बराच वेळ कागद चाळून त्यांनी कारकुनाला मजकूर सांगितला आणि शेवटी काकूंना वाचून दाखवला. गवाह वेळेबद्दल खात्रीने सांगू शकत नाही. गवाह भरवशाचा नाही, तिचा आधीचा जबाब विचारात घेऊ नये. उशिरा येण्याच्या आरोपाला दुसरा पुरावा नाही, तो आरोप टिकत नाही. रुळांची पाहणी नव्याने व्हावी.

"यहाँ साइन कीजिए. सोच लीजिए, ये आपके बारे में लिखा है."

"सुना मैंने," काकू म्हणाल्या. भरवशाचा नाही, या शब्दांखाली त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट. अक्षर नेहमीपेक्षा वाकडं आलं.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली रत्नप्रभा उभी होती. भीमरावांनी तिला सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला, मग काकूंकडे आली. "काकू, साडेपाच म्हणाला असतात तर आजच ऑर्डर निघाली असती. आता पाहणी, मग परत कागद."

"मला नक्की आठवत नाही गं."

"सहा सांगताना बरं आठवत होतं," रत्नप्रभा म्हणाली, पण धार गेली होती. ती पाण्याच्या नळाकडे वळली.

भीमराव तिथेच राहिले. बोटांनी सायकलची घंटी चाचपत म्हणाले, "काकू, एक सांगू? मलाही नक्की ठाऊक नाही."

"काय?"

"वेळ. मी पावणेसहा म्हणालो खरं. रोज पावणेसहालाच पोचतो म्हणून. पण त्या दिवशी फाटकाच्या अलीकडे चेन उतरली होती. बसवली. दोन मिनिटं लागली की पंधरा, कोण जाणे. हात काळे झाले ते आठवतं. रूळ लावले तेही आठवतं. ते मी लावलेच, काकू. पण किती वाजता, ते आता म्हणाल तर..."

"मग आत सांगितलं का नाहीत?"

"मी असं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. तुम्ही सांगितलंत तर नुसतं भरवशाच्या नाही एवढंच लिहिलं." ते खाली मान घालून म्हणाले. मस्करी नव्हती त्यात, आणि उपकारही नव्हते.

काकूंनी मागे वळून खोलीच्या दाराकडे पाहिलं. आता जाऊन हेही सांगायचं का? सांगायचं तर काय म्हणून? जे मी पाहिलं नाही, जे याला आठवत नाही, ते? दार लोटलेलं होतं. शिपाई बाहेर स्टुलावर बसून पुढच्या कुणाचं तरी नाव पुकारत होता.

"रूळ लावले होतेत ना पण?" त्यांनी विचारलं.

"लावले होते."

"नक्की?"

भीमरावांनी आधी सायकलचं हँडल सरळ केलं. "नक्की," ते म्हणाले मग.

"बरं," काकू म्हणाल्या. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्यांना ठरवता येईना, आणि ठरवायला आपण कोण हेही कळेना. रत्नप्रभा नळावरून ओल्या हातांनी परत येत होती. तिघं मिळून बसस्टॉपकडे निघाली, भीमराव सायकल हातात धरून. वाटेत रत्नप्रभाने विचारलं, काकू, आज जेवायचं झालंय का तुमचं, आणि काकू म्हणाल्या, नाही, अजून बसायचंय.